आंबेमोहर, काळभात, पेरसाळ : वास आणि सत्त्व शेतापासून ताटापर्यंत कसे टिकवावे

दिवाळी झाली, नवा तांदूळ घरी आला की दर वर्षी त्याच तक्रारी कानावर येतात. "पूर्वी भात शिजला की आळीत कळायचं, यंदा ताटात नाक घातलं तरी वास नाही." दुसरी तक्रार: "बिनपॉलिशचा म्हणून महाग घेतला, दोन महिन्यांत खवट झाला." तिसरी: "नुसती कणी निघाली." आणि दोष नेहमी बियाण्यावर किंवा पावसावर जातो. मी मावळ-मुळशीकडे आणि अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोल्याच्या बाजूला गेली काही वर्षे भातशेती करणाऱ्या घरांबरोबर काम करते. माझा अनुभव असा की पीक शेतात चांगलेच असते. बिघडते ते कापणीच्या सुमारास आणि त्यानंतर, आणि तेही ठरावीक चार-पाच जागी.

कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्यांचा क्रम असा का ते कळेल. सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः २-ॲसिटिल-१-पायरोलिन या द्रव्याचा असतो. ते रोपातच तयार होते, दाण्यात आतपर्यंत असते आणि उडून जाणारे असते. ऊन, यंत्राची गरमी आणि साठवणीचे महिने त्याला घालवतात. सत्त्वाचे उलट आहे. ब जीवनसत्त्वे, तंतू, तेल, खनिजांचा मोठा भाग हे सगळे दाण्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात आणि अंकुरात असते. ते उडून जात नाही. गिरणीत घासले जाते, नाही तर धुण्याच्या पाण्यातून मोरीत जाते. म्हणजे पॉलिश टाळले की सत्त्व राहील, पण तेवढ्याने वास राहत नाही. आणि सावलीत वाळवले की वास राहील, पण सत्त्व गिरणीत जाऊ शकते.

## १. आधी दाणा ओळखा

सगळ्या गावठी भातावर एकच प्रक्रिया करणे ही पहिली चूक. घरातल्या भाताचे तीन ढीग मनाशी करा.

पहिला सुवासिक पांढरा: आंबेमोहर, काळभात, आजऱ्याचा घनसाळ, रायभोग. हा कच्चाच सडायचा (म्हणजे तूस-कोंडा काढायचा), उकडायचा नाही. उकडताना वास जातो.

दुसरा लाल पापुद्र्याचा, बहुधा बिनवासाचा. याचे मोल त्या लाल थरात आहे. हा हातसडीचा तरी ठेवा, नाही तर कोकणात करतात तसा उकडा करा. भात भिजवून वाफवला की ब-१ जीवनसत्त्व पापुद्र्यातून आत दाण्यात सरकते, म्हणून पुढे थोडे पॉलिश झाले तरी बरेचसे राहते.

तिसरा साधा पांढरा. त्याचे काय करायचे ते तुमच्या घरच्या सवयीवर.

तपासणी : दहा दाणे घ्या आणि नखाने तूस काढून आतला दाणा पाहा. काळभाताच्या बाबतीत हे केलेच पाहिजे. त्याचे तूस काळे असते, आतला तांदूळ पांढरा. बाजारात ‘काळा तांदूळ’ म्हणून जो मिळतो त्याचा पापुद्राच काळा-जांभळा असतो आणि त्या रंगद्रव्यांची ख्याती असते. काळभात घेऊन ते गुण शोधू नका. काळभाताचा गुण त्याच्या वासात आहे.

## २. बियाणे आणि उभे पीक

इथे थोडक्यात, कारण बरेच जण हे नीट करतात.

वासाचा गुण अप्रभावी जनुकातून येतो. शेजारच्या बिनवासाच्या वाणाशी संकर झाला तर तो दबतो. भात स्वपरागित आहे, त्यामुळे असे संकर फार होत नाहीत, पण दोन वाणांत निदान ३ मीटर अंतर ठेवा. खरी भेसळ खळ्यावर होते. इंद्रायणी झोडून त्याच ताडपत्रीवर आंबेमोहर झोडला की पुढच्या वर्षी बियाण्यात इंद्रायणी आलीच. बियाण्याचा भात सर्वांत आधी, झाडलेल्या खळ्यावर झोडा.

मराठवाड्यातल्या काळ्या जमिनीत पेरसाळ (रोपे न लावता थेट पेरलेला भात) करणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. खाचरात पाणी साचते तेव्हा जमिनीतले लोह पिकाला मिळते. पेरसाळीला साचलेले पाणी नसते, जमीन चुनखडीची असते, आणि कोवळी पाने पांढरट पिवळी पडतात. शेतकरी त्याला युरिया देतात. पिवळेपणा हटत नाही, पीक मात्र उंच होऊन लोळते. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तीही वरच्या नव्या पानांवर, असे दिसले तर ती लोहाची कमतरता समजा. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ताजे द्रावण फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची प्रभावती ही जात आंबेमोहराच्या स्थानिक वाणातूनच उत्परिवर्तनाने काढली आहे आणि अशा जमिनीत ती बरी टिकते.

दाणा भरताना हवा थंड असेल तर वास चांगला धरतो. म्हणून सह्याद्रीतले जुने सुवासिक वाण गरवे किंवा निमगरवे (उशिरा किंवा मध्यम उशिरा तयार होणारे) आहेत, पाऊस सरल्यावर निसवणारे (लोंबी बाहेर टाकणारे). लवकर पैसे हवेत म्हणून त्यांची पेरणी फार लवकर करू नका.

## ३. कापणी : चार-पाच दिवसांचा प्रश्न

सगळा दाणा पिवळाधमक होऊन काडी वाळेपर्यंत थांबणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. ‘भरू दे अजून’ म्हणत आठवडा जातो. त्या आठवड्यात वास उतरतो आणि दाणा शेतातच तडकतो. दिवसा ऊन, रात्री दव, पुन्हा ऊन असे झाले की दाण्यात बारीक चिरा पडतात. गिरणीत निघणारी कणी खरे तर इथेच तयार झालेली असते.

१. लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे पिवळे, बुडाचे थोडे हिरवट, ही वेळ. साधारण निसवल्यापासून ३० ते ३५ दिवस.

२. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचरातले पाणी काढा.

३. दव ओसरल्यावर कापा.

४. कापलेल्या पेंढ्या ओल्या असताना मोठी उडवी रचू नका. आत हात घातला आणि ऊब लागली तर वास गेलाच, वर दाणा पिवळा पडतो.

तपासणी : लोंबीच्या मधला दाणा सोलून दाताखाली धरा. दुधाळ, पिठूळ लागला तर थांबा. घट्ट पण किंचित दबणारा असेल तर कापा.

सावध : पावसाची चाहूल असेल तर चार दिवस आधी कापलेले परवडते, भिजलेले परवडत नाही.

## ४. वाळवण : वास इथेच सर्वांत जास्त जातो

झोडणीच्या वेळी दाण्यात २० टक्क्यांच्या वर ओल असते. साठवायला ती १४ टक्क्यांच्या खाली, वर्षभर ठेवायचा असेल तर १२ पर्यंत आणावी लागते. हे काम सावकाश व्हायला हवे. आपण ते डांबरी रस्त्यावर, दुपारच्या उन्हात, एका दिवसात उरकतो. एकदा मुळशीच्या रस्त्यावर पसरलेल्या आंबेमोहरात मी उन्हाच्या वेळी हात घातला होता. वरचा थर गरम, तळाचा तर हात ठेवता येईना. आणि वास इतका सुटला होता की येणारेजाणारे थांबून म्हणत होते, काय सुरेख भात आहे! तो सगळा वास दाण्यातून निघून रस्त्यावर चालला होता.

असे करा:

१. झोडल्या दिवशीच वारे देऊन पळंज (पोकळ दाणे), काडी, गवताचे बी काढा. ओला कचरा राहिला तर दाणा सारखा वाळत नाही.

२. सारवलेले खळे, चटई किंवा ताडपत्री. डांबर आणि पत्रा नको. ताडपत्री काळी असेल तर वर जुने लुगडे किंवा गोणपाट अंथरा.

३. थर दोन-तीन बोटे जाडीचा. फार पातळ केला तर दाणा तडकतो, जाड केला तर तळ ओला राहतो.

४. सकाळी नऊ ते साडेअकराचे ऊन द्या, मग सावलीत ओढा, चारनंतर पुन्हा पसरा. अर्ध्या-पाऊण तासाने पायाने सऱ्या ओढून परता.

५. संध्याकाळी ढीग करून झाका. रात्रभरात आतली ओल बाहेरच्या थरात येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पसरा. असे तीन ते पाच दिवस.

तपासणी : कोरड्या काचेच्या बरणीत दोन चमचे कोरडे मीठ घाला, तिसरा हिस्सा भात भरा, झाकण लावून मिनिटभर हलवा. पाव तासाने पाहा. मीठ काचेला चिकटले तर ओल अजून १५ टक्क्यांच्या वर आहे. मीठ खाली सुटे पडले तर पुढे जा. दाताखाली दाणा ‘कट्’ वाजून तुटणे ही जुनी खूणही बरोबर आहे, पण ती मिठाच्या परीक्षेसोबत वापरा.

सावध : अर्धवट वाळलेल्या भातावर दव किंवा पावसाचा शिंतोडा पडला तर लगेच कडक उन्हात टाकू नका. आधी सावलीत वाऱ्यावर.

## ५. साठवण : तांदळाची नको, भाताची

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. वर्षाचा तांदूळ एकदम करून डबे भरू नका. भात तुसासकट ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यापुरता सडून आणा. तूस हे दाण्याचे झाकण आहे. ते आहे तोवर पापुद्र्यातले तेल हवेला लागत नाही, वास हळू उतरतो, किडाही कमी लागतो.

‘जुना तांदूळ चांगला’ हे आपण ऐकत आलो आहोत. जुना झाला की भात मोकळा होतो, फुगतो, पोटालाही हलका वाटतो. पण जुना होताना वासही उतरतो. सुवासिक तांदळाकडून जुनेपणा आणि दरवळ दोन्ही पूर्ण मिळणार नाहीत. मला विचाराल तर तीन-चार महिने भाताच्या रूपात मुरलेला आंबेमोहर सर्वांत चांगला. गिच्च होणे थोडे कमी झालेले असते आणि वास अजून भरपूर असतो. पुलावासाठी जुना हवा असेल तर दुसरा वाण वापरा. आंबेमोहर मऊ भाताचा, वरणभाताचा तांदूळ आहे.

कणगी शेणाने लिंपलेली असो की पत्र्याची कोठी असो, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून दूर ठेवा. भरण्यापूर्वी भात पूर्ण थंड झालेला हवा. उन्हातून उचलून गरम भरला तर आत घाम धरतो.

सावध : डांबराच्या गोळ्या, बोरिक पावडर, एरंडेल चोळणे हे सुवासिक भाताला करू नका. तांदूळ वास ओढून घेतो. कडुनिंबाचा पाला ठेवायचाच तर सुकवून, फडक्यात बांधून, कोठीच्या तोंडाशी ठेवा. मिसळू नका.

## ६. गिरणी : किती घासायचे ते तुम्ही सांगा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यात १०० ग्रॅम बिनपॉलिश तांदळात प्रथिने सुमारे ९.२ ग्रॅम, पांढऱ्या सडलेल्यात ७.९. तंतू ४.४ आणि २.८. ब-१ जीवनसत्त्व ०.२७ मिलिग्रॅम आणि ०.०५. प्रथिनात फार फरक नाही. ब-१ मात्र पाचव्या हिश्श्याहूनही कमी राहते. पॉलिशचा खरा तोटा तिथे आहे.

लोहाबद्दल लोक फार मोठे दावे करतात. त्याच तक्त्यात लोह १ मिलिग्रॅमच्या आसपास आणि ०.६५ आहे. दोन्ही कमीच. रक्त वाढेल म्हणून गरोदर बाईला फक्त लाल भात देऊन निश्चिंत राहू नका. पालेभाजी, कडधान्य आणि दवाखान्यातल्या गोळ्या चालूच ठेवा.

गिरणीत जाताना:

१. आदल्या दिवशी भात सावलीत दोन तास पसरा. फार कोरडा झालेला भात गिरणीत जास्त तुटतो.

२. शक्यतो रबर रोलरची गिरणी पाहा. जुन्या हलरमध्ये तूस आणि कोंडा एकदमच घासून निघतो, दाणा तापतो, तुटतो, आणि किती पॉलिश झाले ते हातात राहत नाही.

३. गिरणीवाल्याला ‘पॉलिश नको’ एवढेच सांगू नका. ‘तूस काढा आणि पॉलिशचा एकच हलका हात द्या’ किंवा ‘फक्त तूस काढा’ असे सांगा. पहिले पसाभर निघाले की थांबवून बघा.

४. सकाळी जा. यंत्र दिवसभर तापलेले नको.

एका गिरणीत आमचा काळभात तीनदा घासून दिला होता, ‘पांढरा दिसला तर विकला जाईल’ म्हणून. पोत्यात हात घातला तर चटका बसावा इतका तांदूळ गरम. तसाच पोत्याचे तोंड शिवून घरी आणला. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा गोणपाटाला काळभाताचा वास होता, तांदळाला नव्हता. तेव्हापासून गिरणीतच चादर नेते, तांदूळ पसरते, हाताला गार लागल्यावरच भरते.

तपासणी : वजन करा. १०० किलो स्वच्छ भातातून सुमारे २० किलो तूस जाते. फक्त तूस काढले असेल तर ७८-८० किलो, हलक्या हाताने ७२-७५ किलो, पूर्ण पांढरा केला तर ६५-६८ किलो तांदूळ मिळतो. कणीही यात धरा. तुम्ही हलका हात सांगितला आणि ६५ किलो आले तर तुमचे पॉलिश झाले आहे, किंवा कोंड्यात कणी गेली आहे. कोंडा चाळून पाहा.

## ७. सडलेला तांदूळ घरात

बिनपॉलिश तांदूळ खवट होणे हा त्याचा दोष नाही, स्वभाव आहे. पापुद्रा खरवडला गेला की त्यातले तेल विघटन पावू लागते, आणि काही आठवड्यांत तो जुनाट, रंगाच्या डब्यासारखा वास येतो. तो आंबेमोहराच्या वासाला झाकून टाकतो, म्हणून ‘वास गेला’ असे वाटते.

फक्त तूस काढलेला तांदूळ बाहेर महिना-दीड महिना, पावसाळ्यात तीन आठवडे. शीतकपाटात घट्ट डब्यात पाच-सहा महिने. हलक्या हाताचा बाहेर दोन-तीन महिने. मुंबई-पुण्याला किंवा परदेशी पाठवायचा असेल तर बिनपॉलिश नको, हलक्या हाताचा पाठवा, आणि पाकीट तोंडापर्यंत भरा. आत हवा कमी तर बरे.

तपासणी, विकत घेणाऱ्यांसाठी : आंबेमोहराच्या नावाखाली बाजारात दुसरे बारीक आखूड तांदूळ सर्रास येतात. मुळशीच्या आंबेमोहराला आणि आजऱ्याच्या घनसाळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण सुट्या पोत्यावर ते लिहिलेले नसते. म्हणून अशी परीक्षा घ्या: चमचाभर तांदूळ गार पाण्यात दोनदा खळबळून धुवा. छोट्या वाटीत तिप्पट पाणी घालून, झाकण ठेवून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटे ठेवा. गार झाल्यावर झाकण काढा आणि लगेच वास घ्या. वरून लावलेला सुगंध धुण्याच्या पाण्यात जातो आणि वाटीत काही उरत नाही. खऱ्या सुवासिक तांदळाचा वास कोरड्यापेक्षा शिजल्यावर जास्त येतो. पोत्यात नाक घातल्याबरोबर दरवळ उठला तर उलट जास्त तपासा.

## ८. धुणे, भिजवणे, शिजवणे

चोळून चोळून, पाणी काचेसारखे होईपर्यंत धुणे ही सवय मोडा. एवढे सगळे सांभाळून आणलेल्या ब जीवनसत्त्वांपैकी निम्म्यापर्यंत अशा धुण्यात जाऊ शकतात. कणी-खडा निवडून घ्या, मग भरपूर पाण्यात दोनदा हलके खळबळा. पुरे.

१. हलक्या हाताचा आंबेमोहर २० मिनिटे भिजवा, फक्त तूस काढलेला तांदूळ दोन ते तीन तास. भिजल्याने शिजायला कमी वेळ लागतो, आणि जितका कमी वेळ वाफ उडेल तितका वास पातेल्यात राहतो.

२. भिजवलेल्या पाण्यातच शिजवा. पाणी मोजूनच घाला: नव्या आंबेमोहराला दुप्पट, वर्षाच्या जुन्याला अडीचपट, बिनपॉलिशला तिप्पट.

३. जाड बुडाचे पातेले, उकळी येईपर्यंत मोठी आच. उकळी आली की लगेच मंद करा आणि घट्ट झाकण ठेवा. आंबेमोहराचे दाणे नाजूक असतात. या टप्प्यावर डाव घालून ढवळला की खीर होते.

४. पाणी आटले की आच बंद. दहा मिनिटे झाकण काढायचे नाही. वाफेतला वास भातावर पुन्हा बसायला हा वेळ लागतो. मग डावाची कड घालून बाजूने भात मोकळा करा.

कुकर वापरायचा असेल तर भांड्यावर झाकणी ठेवा, दोन शिट्ट्या करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर स्वयंपाकघर दरवळते आणि ताट कोरडे राहते.

भात वेळून (जास्तीचे पाणी ओतून काढून) करायची पद्धत असेल तर ती पेज टाकू नका. चिमूटभर मीठ घालून प्या, नाही तर आमटीत घाला. विरघळलेली जीवनसत्त्वे त्यातच आहेत.

मधुमेह असलेल्यांनी एक ध्यानात घ्यावे. गावठी आहे, सुवासिक आहे म्हणून साखर कमी वाढेल असे नाही. मऊ शिजणारा तांदूळ लवकर पचतो. वाटी लहान ठेवा आणि सोबत डाळ, उसळ, भाजी जास्त घ्या.

सावध : उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजल्यावरही टिकणारे जंतू कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करून जात नाही. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात गार करून शीतकपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा. बिनपॉलिशचा शिळा भात घट्ट होतो. फोडणी देण्यापूर्वी त्यावर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकून, पाच मिनिटे वाफ द्या.